चित्रावरून ओळखलेला गुलाबी दगड

तुम्ही दोघं तिकडे दगड गोळा करता आणि रंगीत चित्रांशी ताडून त्यांची नावं ठरवता, असं तुमच्या आईनं कळवलं. छंद चांगला आहे. पद्धत मात्र माझीच उचललीत, म्हणजे चुकीची. ती मी सोलापुरात कशी चालवली ते लिहून ठेवते.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. कुणा पालकांनी शाळेला काचेचं एक कपाट दिलं. सागवानी, चार फळ्यांचं, पितळी कुलपाचं. हेडबाईंनी जाहीर केलं, की इन्स्पेक्शनच्या आत जी शिक्षिका त्यात दगडांचा संग्रह नावांनिशी मांडेल तिच्या वर्गात कपाट जाईल. माझे दगड तेव्हा बिस्किटांच्या डब्यांतून पलंगाखाली पडलेले असत, आणि तुमचे आजोबा केर काढताना त्यांना मुद्दाम लाथ मारत. पाटल्या-बांगड्यांसाठी मी कधी हट्ट धरला नाही, पण ते कपाट मला हवं होतं.

मंद्रूपच्या रस्त्याला तेव्हा विहिरींची कामं चालली होती. सुरुंग लावून काढलेल्या काळ्या दगडाचे ढीग बांधावर पडलेले असत. एका ढिगात मला तो सापडला. काळ्या दगडाला मुठीएवढी पोकळी, आणि आत पेरूच्या गरासारखा गुलाबी, मोत्यासारखा चमकणारा खडा. घरी येऊन माझं इंग्रजी पुस्तक उघडलं. रंगीत पानावर तस्साच गुलाबी: रोडोनाइट. परदेशात म्हणे राजवाड्यांच्या खांबांना आणि फुलदाण्यांना वापरतात. मी लगेच वहीत नोंद केली, आखीव चिठ्ठी लिहिली आणि सुबक अक्षरात खाली रेघ मारली. ओळख पटवायच्या चाचण्या त्याच पुस्तकात मागे दिल्या होत्या, पण त्यांनी नमुना खराब होतो, असं मी स्वतःला सांगितलं.

विज्ञानाच्या बाईंनाही कपाट हवं होतं. शुक्रवारी त्यांनी शिक्षकांच्या खोलीत दगड हातात घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"रोडोनाइट? अहो बाई, हा रोझ क्वार्ट्झ. माझ्या पुस्तकात चित्र आहे."

"कसा दिसतो चित्रात?"

"गुलाबी."

"माझ्याही पुस्तकात गुलाबीच आहे."

यावर सगळी खोली हसली. हेडबाई हसल्या नाहीत. "सोमवारी सांगा. जिचं नाव बरोबर तिचं कपाट. नाहीच ठरलं तर ज्येष्ठतेनुसार देईन." मी विज्ञानाच्या बाईंहून एका वर्षानं ज्येष्ठ होते. मला तेवढं पुरेसं होतं, पण जिंकायचं तर विज्ञानावर जिंकावं, असं डोक्यात बसलं होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी एकाच एस.टी.त चढलो. आणखी खडे आणावेत हा दोघींचाही बेत. विहिरीच्या काठावर एक बाई पाट्या भरत होती.

"काय हुडकतायसा, बाई? काय हरवलं का?"

मी खडा दाखवला. "असा आणखी सापडेल का?"

"त्यो व्हय? लई पडलाय की. मऊ, ठिपक्यांचा खडक लागला की त्यात ह्ये निगतंच. मागनं पानी लागतं."

विज्ञानाच्या बाईंनी वर्गातल्या आवाजात विचारलं, "फार कठीण असतो ना हा?"

बाईनं शेजारचं खुरपं उचललं आणि खड्यावर ओढलं. पांढरी रेघ उमटली, भुगा पडला. "कटीन कुटला? आन् हितं बगा. कडब्याची पेंडी बांदल्यावानी हाय का न्हाय? मदी आवळल्याली, दोनी अंगानं फुलल्याली. दिसंना व्हय?"

दिसत होती. आता दिसत होती.

"तुमी शाळंत काय शिकिवता?"

"भूगोल," मी म्हणाले.

"आन् तुमी?"

"विज्ञान."

"आन् दोगींना बी ठावं न्हाय!" ती इतकी हसली की भरलेली पाटी तिनं खाली टेकवली.

परतीच्या एस.टी.त आम्ही दोघींनी खिडकीबाहेर पाहणं पसंत केलं.

घरी पोचल्यावर पुस्तक काढलं. चाचण्यांची पानं छापखान्यातून आली तशी, न कापता, कडेला जोडलेलीच होती. स्वयंपाकाच्या सुरीनं ती कापून सुटी केली. रोडोनाइटवर सुरीची रेघ उमटत नाही, रोझ क्वार्ट्झवर तर नाहीच. एक कपचा चिमट्यानं शेगडीच्या निखाऱ्यावर धरला, तो फुगला आणि तळलेल्या कुरडईसारखा वळला. तुमच्या आजोबांनी डोकावून विचारलं, "आज जेवायला हेच का?" मी पान उलटलं. पुस्तकात मागच्या पानावर होतं: स्टिल्बाइट, काळ्या खडकाच्या पोकळ्यांत नेहमी आढळणारा. शेजारी गवताच्या पेंढीसारखं एक आकृतिचित्र होतं, काळंपांढरं. म्हणून मी तिथवर कधी गेलेच नव्हते.

सोमवारी मी पर्समध्ये सुरी घालून गेले. खरेपणाचा झटका आला होता असं समजू नका. मला फक्त त्यांच्या रोझ क्वार्ट्झवर रेघ मारायची होती. हेडबाईंच्या खोलीत विज्ञानाच्या बाई आधीच उभ्या होत्या, हातात त्यांची सुरी.

"हा रोडोनाइट नाही," म्हणत त्यांनी रेघ ओढली.

"रोझ क्वार्ट्झही नाही," म्हणत मी दुसरी ओढली.

हेडबाईंनी दोन्ही सुऱ्या टेबलावर ठेवायला लावल्या. "मग आहे काय?"

"स्टिल्बाइट," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"हे शुक्रवारी का नाही कळलं?"

दोघींचीही पहिली नावं चुकलेली, म्हणून ज्येष्ठताही बाद झाली. कपाट हेडबाईंच्या खोलीत राहिलं. त्यात ढाली, चषक आणि पाहुण्यांच्या कपबश्या गेल्या. आमचा खडा खालच्या फळीवर गेला, चिठ्ठी नसलेला.

इन्स्पेक्शनला आलेले साहेब कपाटापुढे थांबले. "हा गुलाबी कोणता?"

"संगमरवर," हेडबाई अजिबात न अडखळता म्हणाल्या.

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि मागे उभ्या असलेल्या आम्हा दोघींकडे पाहिलं. "विषयशिक्षिका याच का?"

कपाटाची किल्ली हेडबाईंच्या कमरेला होती, आणि पुढच्या वर्षी कपाट कुणाला द्यायचं ते अजून ठरायचं होतं.

"हो," आम्ही म्हणालो. "संगमरवर."