बोल्टमध्ये आढळलेल्या पांढऱ्या थराबाबत

तक्रारदार: पुण्याचे एक अभियंते, औषधनिर्मितीच्या कारखान्यात नोकरीस, मुक्काम ड्रोहेडा, आयर्लंड.
ज्यांच्याविरुद्ध तक्रार: नेमबाजी क्लबातील दुरुस्तीच्या बाकावर बसणारे वृद्ध आयरिश कारागीर.
घटनेचा दिवस: खंडेनवमीनंतरचा पहिला शनिवार, सकाळ.
घटनास्थळ: गावाबाहेर शेतांच्या मधोमध असलेली क्लबाची रेंज.
साक्षीदार: एक, क्लबाच्या सचिव बाई. दोन, तक्रारदारांच्या मातोश्री. त्यांचा जबाब सर्वांत शेवटी घेतला गेला. तो सर्वांत आधी घ्यावयास हवा होता.
लिहिणार: पोलीस खात्यातून स्वेच्छेने निवृत्त झालेला सहायक फौजदार, म्हणजे मी.

नावे मुद्दाम दिलेली नाहीत. मी खात्यात असतानाही निष्कारण कोणाचे नाव चव्हाट्यावर आणले नाही.

तो शनिवार मनातून जाता जात नाही. माझे शिक्षण दहावीपुढे गेले नाही, परंतु ठाण्यात लेखनिक म्हणून मी जी फिर्याद लिहीत असे ती वरिष्ठ साहेब दुरुस्तीविना पुढे पाठवीत. पत्नी येथील मोठ्या इस्पितळात परिचारिका असल्याने मी या देशी आलो. येथील मराठी मंडळींना घरमालकाविरुद्ध, विमा कंपनीविरुद्ध अर्ज हवा असला की ती माझ्याकडे येतात. मी मराठीत मजकूर बांधतो, ती संगणकावर त्याचे इंग्रजी करतात. सर्वजण मला फौजदार काका म्हणतात.

त्या शनिवारी दुपारी अभियंते ओले जाकीट अंगावर तसेच ठेवून दारात उभे राहिले. "काका, एक कम्प्लेंट लिहायचीय. रायफल तीनदा चाललीच नाही. चाप ओढला की नुसतं टिक. सगळ्यांसमोर पोपट झाला माझा."

त्यांची रायफल नेमबाजीच्या खेळाची, प्रत्येक गोळीमागे बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, हाताने ओढण्याची आणि सुट्या भागांची जुळणी करून बनवलेली. एक खटका दाबला की बोल्ट मागे निघून हातात येतो. त्याची टोपी बोटांनी फिरवली की आतली पिन आणि स्प्रिंग बाहेर येते. नळी बदलण्यास एक किल्ली पुरते. मी तीन वर्षे शस्त्रागारात, ज्याला आम्ही कोत म्हणत असू तेथे, काढली आहेत. तेथे एकेका जुन्या रायफलीच्या नळीतून दोरीला बांधलेली चिंधी ओढता ओढता दुपार मावळत असे. ही रायफल मात्र चहा निवण्याच्या आत उघडून, पुसून, पुन्हा जोडून होते.

गोळी न सुटल्यावर रेंजवर नियमाप्रमाणे थांबून, रायफल रिकामी करून बोल्ट उघडण्यात आला. आत पिनच्या भोवती मेणासारखा पांढरा थर होता. आदल्या शनिवारी तो बोल्ट क्लबातील वृद्ध कारागिराने साफ केला होता, आणि त्यांच्या बाकावर पांढऱ्या ग्रीसचा डबा उघडा पडलेला असतो.

"त्यानंतर रायफलीला कोणी हात लावला?" मी विचारले.

"कोणी नाही. घरी सेफमध्ये लॉक होती. मिस्टेक झाली असेल म्हाताऱ्याची."

तक्रार मी लिहिली. लिहिताना 'जाणूनबुजून' हा शब्द मी माझ्या पदरचा घातला. त्या शब्दाविना अर्ज टेबलावरून हलत नाही, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. अर्ज हलला. क्लबाच्या समितीने चौकशी होईपर्यंत वृद्धांकडून बाकाच्या कुलूपबंद खणाची किल्ली काढून घेतली. मला समाधान वाटले, हे लपवीत नाही.

पंधरा दिवसांनी समितीने पाहणी ठेवली. शस्त्रांचा अनुभव असल्याने अभियंत्यांनी मला सोबत नेले. त्या सकाळी नदीवरून धुके उठून शेतांत पसरले होते. निशाणाचे फलक त्यात तरंगल्यासारखे दिसत आणि मेंढ्यांचा आवाज नेमका कुठून येतो ते कळत नव्हते. पत्र्याच्या खोलीत थंडी इतकी की बोलताना प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघे. वृद्ध गृहस्थ भिंतीशी उभे होते. शनिवार असून त्यांच्या हातांना काम नव्हते, त्यामुळे ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना समजत नव्हते.

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारले, तुम्ही पिनला ग्रीस लावले का?

"पिनला कधीच नाही. पिन कोरडी ठेवायची," ते म्हणाले. "ग्रीस फक्त बोल्टच्या पुढच्या दातांना, तांदळाएवढं. चाळीस वर्षं मी हेच शिकवतोय." मग अभियंत्यांकडे न पाहता सचिव बाईंना म्हणाले, "आपला हा गडी चांगला आहे. त्याला राग आला, एवढंच. इट्स ग्रँड." म्हणजे, काही बिघडले नाही.

ज्याच्यावर आरोप आहे त्याने आरोप करणाऱ्याची बाजू घ्यावी, असे मी ठाण्यात फार क्वचित पाहिले.

पुराव्यासाठी क्लबाच्या तिजोरीत ठेवलेला बोल्ट सचिव बाईंनी पुढे ठेवला. थर तसाच होता. मी नखाने थोडा खरवडून बोटांत धरला. ग्रीस बोटांत पसरते, पण ग्रीसच राहते. हा थर माझ्या बोटांच्या उबेने पाहता पाहता वितळला आणि पाण्यासारखा तळहातावर उतरला. मी हात नाकाशी नेला.

त्यानंतरचा क्षणभर मी आयर्लंडात नव्हतो. पोलीस वसाहतीतली रविवारची सकाळ होती, अंगणात ओळीने बसलेल्या बायका होत्या, कोणाच्या तरी मांडीत माझे डोके होते आणि टाळूवर थापले जाणारे तेल कपाळावर ओघळत होते. सचिव बाईंनी दोनदा काही विचारले असावे, मला ते दुरून येणाऱ्या रेडिओसारखे ऐकू आले.

"काय झालं, काका?" अभियंते कुजबुजले.

"तुमच्याकडे खोबरेल कुठे ठेवता?"

"हॉट प्रेसमध्ये. बाहेर ठेवलं की दगड होतो त्याचा." एवढे बोलून ते थांबले. गरम पाण्याच्या टाकीशेजारचे ते कपाट येथल्या प्रत्येक घरात असते, आणि आपल्या प्रत्येक घरात तेलाची बाटली तेथेच असते. त्यांचा चेहरा पडला.

त्याच दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. मातोश्री कराडकडच्या, उन्हाळ्यात येथे आलेल्या. त्या मेथी निवडत होत्या.

"काकू, खंडेनवमीला पूजेत काय काय मांडलं होतं?"

"सगळंच की. ह्याचा कंप्युटर, गाडीची चावी, माझी कात्री, आन् त्याच्या बंदुकीचा त्यो दांडा. बंदूक काय कपाटातनं बाहेर काढीना, म्हणला एवढाच पार्ट घे."

"मग तेल?"

"ह्याला हापिसातनं फोन आला, ह्यो गेला आत. म्या बघितलं, दांडा कोरडा ठणठणीत. लोखंड हाय ते, तेलाबिगर कसं ऱ्हाईल? सारं आयुष्य शिलाई मशीन चालवली म्या. भोक दिसंल तिथं एकेक थेंब सोडला, वरनं हळदकुंकू लावलं. नंतर फडक्यानं पुसून ठिवलं. का वो, बिघडलं का काय?"

घरात हीटर चालू असल्याने तेल पातळ राहिले आणि बोल्ट लोण्यासारखा सरकत होता. रेंजवरच्या थंडीत ते आत गोठले आणि पिन अडकली. सुटे करण्यास सोपी वस्तू काकूंच्याही हाताला सोपी झाली होती.

अभियंते मला बाहेर घेऊन गेले. "काका, हे लिहू नका. बोल्ट पण कायद्याने शस्त्रच. मी तो आईसमोर सोडून उठलो, हे इथल्या पोलिसांना, गार्डांना कळलं तर लायसन्स जाईल माझं. मी कम्प्लेंट मागे घेतो ना, विषय संपला."

"तक्रार मागे घेतली तर संशय मागे जात नाही," मी म्हणालो. "तो माणूस जाणूनबुजून करणारा म्हणून राहील. आणि तो शब्द माझा आहे."

दार उघडेच होते. काकू मेथीची जुडी हातात धरून उंबऱ्यात आल्या. "तेल म्या घातलं, आन् बोलणी त्या म्हाताऱ्यानं खाल्ली व्हय? मला घेऊन चल त्याच्याकडं. आत्ताच्या आत्ता."

"आई, त्यांना मराठी येत नाही."

"हात जोडलेलं कळत न्हाई का कुणाला?"

आम्ही तिघे गेलो. काकूंनी हात जोडले. वृद्ध गृहस्थ गोंधळले, मग त्यांनीही जोडले. त्यांनी चहा दिला. अभियंत्यांनी सारे सांगितल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "म्हणजे कमिटीलाही हे कळेल ना?"

अभियंते हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या सहीने कबुली दिली, गार्डा स्टेशनातही जाऊन सांगितले. त्यांच्या परवान्याचा फेरविचार चालू आहे. मला त्यांचा अभिमान वाटतो, हे त्यांना तोंडावर सांगणे मला जमलेले नाही.

या प्रकरणाने मला एवढे शिकवले की ज्या घरातून फिर्याद येते त्या घराची चौकशी प्रथम करावी, मग ते घर आपल्या माणसांचे का असेना. उलट आपल्या माणसांचे असेल तर अधिक कसून करावी. आणि ज्याच्यासाठी पुरावा नाही असा शब्द, तो कितीही वजनदार असो, कागदावर उतरवू नये.

परंतु समितीने अद्याप निर्णय दिलेला नाही. नवा माणूस नेमण्याचा विचार आहे, असे ऐकतो. सबब समितीस विनयपूर्वक विनंती की,

मूळ तक्रारीतील 'जाणूनबुजून' हा शब्द कोणत्याही पुराव्याविना प्रस्तुत अर्जदाराने, म्हणजे मी स्वतः, घातला होता, याची दप्तरी नोंद घ्यावी. सदर वृद्ध कारागिरांना निर्दोष ठरवून तसे सर्व सभासदांसमोर वाचून दाखवावे. त्यांच्या बाकाची किल्ली त्यांना परत द्यावी, आणि ती सचिवांनी स्वहस्ते द्यावी. आपल्या लेखी उत्तराची वाट पाहत आहे. ते इंग्रजीत असले तरी चालेल, मी वाचून घेईन.

कळावे.