गरम पाण्याची वाट

धंतोलीतल्या एका लहान प्रसूतिगृहात मी नर्स होते, तेव्हाची सत्तरच्या दशकातली गोष्ट. कडाक्याची थंडी, आत दोन बायांना कळा सुरू आणि गीझरच्या नळाला सुतळीएवढी धार!

निरोप जाताच मफलर गुंडाळलेला एक प्लंबर सायकलवर आला. त्यानं आधी थंड पाण्याचा नळ सोडला. पाणी धो धो आलं.

"टाकी भरून आहे, सिस्टर," तो म्हणाला. "गरम पाण्याले वाट भेटून नाही राहिली."

मग पान्ह्यानं पाइपावर टकटक करत, कान लावून तो पुढं सरकला. एका वळणावर त्याचे डोळे चमकले. "इथंच!"

त्यानं पाणी बंद करून ते वळण उघडलं. आत खाराचा पांढरा थर जमून काडीएवढंच भोक उरलं होतं. खार खरवडून त्यानं पाइप जोडला, नळ सोडला आणि वाफाळतं पाणी बादलीत आदळलं. मी आनंदानं ओरडलेच!

पहिलं बाळ लगेच आलं. दोन बादल्या दारापर्यंत आणून देऊनही तो व्हरांड्यात उभाच होता.

"जा ना भाऊ, झालं काम," मी म्हटलं.

"थांबतो जरा."

तासाभरानं दुसरं बाळ रडलं. त्यानं मफलर सारखा केला.

"आता झालं," तो म्हणाला आणि सायकलवर बसला.