लाल घरातला काटा

“काटा पाह्य, काटा. लाल घरात घुसला,” मामा एवढ्या मोठ्यानं ओरडला की रस्त्याकडेचे कावळे उडाले ते थेट पवनीला जाऊन बसले असतील. आम्हालाही पवनीलाच जायचं होतं. दुपारच्या मुहूर्ताला माझ्या बहिणीचं लग्न, आणि नवरीला मंडपात आणायचं ते मामानं. एकुलता एक मामा. म्हणून मी त्याला सिहोऱ्याहून घेऊन निघालो होतो. भंडाऱ्याच्या वेशीवर जीपच्या गरमीच्या मीटरचा काटा चढला.

जीप मामाचीच. हाडं लष्करातली, पोटात इंजिन कुण्या ट्रॅक्टरचं. मागं एकदा काट्याकडे न पाहता त्यानं इंजिन जाळलं होतं. तेव्हापासून देवाच्या आधी काट्याला नमस्कार.

मी रेडिएटरवर हात ठेवला. माझ्या डोक्यापेक्षा थंड होता.

“मामा, गाडी तापलीच नाई. चाल ना.”

“तुहा हात खरा का मीटर खरं?”

मिस्त्री बोलावला. तो म्हणाला, मीटर चांगलं आहे. पाण्याची गरमी त्याला कळवणारा बल्ब गेला. अंगठ्याएवढी पितळी वस्तू. पण इंजिन जीपचं नाही, म्हणून बल्बही जीपच्या जागी नाही. वायर धरून जावं तर ती चिंध्यांत गुंडाळलेली. मिस्त्री वरून, मी खालून. लग्नासाठी शिवलेल्या कुर्त्यानं अख्ख्या जिल्ह्याचं ग्रीस टिपून घेतलं. शेवटी सायलेन्सरच्या नळीमागं सापडला, इंजिनाच्याच रंगानं रंगवलेला.

मिस्त्रीनं दुसऱ्या गाडीचा बल्ब बसवला, बल्ब काढताना सांडलेलं पाणी बादलीनं परत भरलं. काटा तळाशी गेला. मी उडी मारून बसलो. मामानं इंजिन चालू केलं, गिअर काही टाकला नाही.

“आता तं हा मेल्यावानी पडला. चालते का नाई, मले कसं समजन?”

“इंजिन गरम झाल्यावर उठन ना बाप्पा,” मिस्त्री म्हणाला.

“मंग उठू दे.”

उभ्या गाडीत आम्ही काट्याचं तोंड पाहत बसलो. मी हात जोडले, शपथा घातल्या, मामीचं नाव काढलं. सूर्य डोक्यावरून सरकला. काटा पेंगतच होता. उठला तेव्हा मामा त्याला म्हणाला, “शाब्बास.”

पवनीला पोचलो तर मंडपात अक्षता पायाखाली करकरत होत्या. मामानं पागोटं सावरलं.

“माय, तुले मंडपात कोनं आनलं?”

“कोनी नाई,” बहीण म्हणाली. “मी आपली चालत आली.”