पुढच्या रिकाम्या खुर्च्या

मी टाळ वाजवत होते आणि दादा म्हणाला, "आता टाळ वाजव की."

पिंपरीच्या बाजारातलं स्पीकरचं दुकान. दादा स्पीकरकडे तोंड करून, डोळे मिटून उभा होता. मी त्याच्या पाठीमागे माइकसमोर उभी राहून टाळ वाजवत होते, चांगले खणखणीत. दुकानदार हसला. मीही हसले, कारण दादाला थट्टा केल्याशिवाय जेवण पचत नाही.

"वाजवतेय की रे," मी म्हणाले आणि हात आणखी जोरात चालवले.

"तबला मस्त येतोय. टाळ कुठाय?"

मग त्यानं डोळे उघडले आणि वळून पाहिलं. माझे हात हलत होते. त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. तो थट्टा करत नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

दादा माझा थोरला भाऊ. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे पत्रे दाबून आकार देणारे मोठे प्रेस आहेत, तिथं त्याची उभी हयात गेली. आता निवृत्ती जवळ आली आहे. बाकीचे लोक निवृत्तीनंतर गावाकडे घर बांधायचं म्हणतात. दादाचं एकच ठरलेलं आहे, गायचं. "आजवर रविवारी गायलो, मग रोज गाईन," असं तो वहिनीला लग्न झाल्यापासून सांगतो आहे. आमचा छोटा संच आहे. दादा गातो, त्याच्याच प्रेस शॉपमधले, म्हणजे प्रेसच्या विभागातले, दोन मित्र तबला आणि ढोलकी धरतात. मी पेटी वाजवते आणि बाकीची सगळी व्यवस्था बघते. मी स्वतः दुसऱ्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळते, त्यामुळे कुठली वायर कुठल्या पिशवीत, हे मला झोपेतही सांगता येतं. सोसायट्यांचं हळदीकुंकू, कुणाची साठी, कुणाचा सेवानिवृत्तीचा समारंभ, असे आमचे कार्यक्रम.

गेले कित्येक महिने तिघांची एकच तक्रार होती. स्पीकर दबलाय. आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो, शब्द कळत नाहीत. मी पेटी घेऊन कायम स्पीकरच्या मागे बसते, समोर काय ऐकू येतं ते मला समजत नाही. तीन अनुभवी माणसं एकमुखानं सांगतात म्हटल्यावर शंका घ्यायचं कारणच नव्हतं. नवा घ्यायचा ठरला.

मी मागण्या पक्क्या करून गेले होते. लिफ्ट बंद असली तर एकट्याला तिसऱ्या मजल्यावर उचलून नेता आला पाहिजे. रिक्षात पायाशी मावला पाहिजे. वीज गेली तरी बॅटरीवर कार्यक्रम पुरा व्हायला हवा. दोन माइक आणि पेटी, तिन्ही एकदम जोडता यावं. माइक जरा जवळ गेला की शिट्टी मारणारा नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुकानदाराच्या गाण्यावर निवडायचा नाही. दुकानात लावून ठेवलेलं धडधडणारं गाणं कुठल्याही खोक्यातून गोडच लागतं. आपला गळा, आपला तबला, आपले टाळ घेऊन जायचं. म्हणून तबलजींनाही बरोबर घेतलं होतं.

दुकानदारानं एकेक स्पीकर लावला. दादा गायचा आणि म्हणायचा, "भाऊ, जरा धार वाढवा." दुकानदार बारीक, उंच आवाजाचं, म्हणजे ट्रेबलचं बटण फिरवायचा. "अजून." पुन्हा फिरवायचा. एका स्पीकरला तर बटण पार शेवटाला टेकलं. दादाच्या प्रत्येक 'स'बरोबर माझ्या कानात सुई गेल्यासारखं झालं. आईबरोबर आलेल्या एका छोट्या मुलीनं दोन्ही कानांवर हात दाबले आणि ती आईला ओढत बाहेर घेऊन गेली.

"आत्ता कसं!" दादा खूश होऊन म्हणाला. "हा खरा स्पीकर."

तबलजींनी मान डोलावली. "एक नंबर, राव."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला बटण अर्ध्यावर आणायला सांगितलं आणि पिशवीतून टाळ काढले. पुढचं सांगितलंच आहे.

पण खरा धक्का त्यानंतरचा. दादा माझ्या हातांकडेच बघत होता. तबलजी मात्र हसत होते. ते लातूरकडचे, बोलायला मोकळे.

"ताई, त्यात काय एवढं? आमच्या प्रेस शॉपात समद्यांचं असंच हाय बगा. मला तरी कुठं ऐकू आला टाळ?"

मी टाळ पिशवीत टाकले. डोळ्यांपुढे खुर्च्या दिसायला लागल्या. प्रत्येक कार्यक्रमात खुर्च्या मी स्वतः मांडते. पुढच्या रांगा कायम रिकाम्या राहतात, लोक मागे दाटीवाटीनं बसतात. मला वाटायचं, आपली माणसं भिडस्त, पुढे बसायला लाजतात. आणि कार्यक्रमाआधी समोर उभं राहून, धार वाढवत बटणं कोण लावायचं? हेच तिघे, एकमेकांना विचारून. तिघांचे कान एकाच प्रेसखाली घडलेले.

त्या दिवशी स्पीकर घेतला नाही. दादाला चिंचवडला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायचं. कागदावर रेघ निघाली ती जाड आवाजांपाशी सपाट चालत आली आणि बारीक, उंच आवाजांपाशी एकदम घाटात उतरल्यासारखी खाली गेली.

"कंपनीत दर वर्षी तपासणी होत असेल ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"होते की," दादा म्हणाला. "पण तिथं काच असते. तपासणाऱ्याचा हात दिसतो. हात हलला की आपण दाबायचं. सगळेच दाबतात."

"का?" मी जवळजवळ ओरडले.

"अगं, नापास झालं की पॅकिंगला टाकतात. तिथं आपलं कोण आहे?"

कंपनीनं गोंगाट अडवायला दिलेले कानातले बोळे? ते दोरीनं गळ्यात असतात. साहेब दिसला की कानात, गेला की माळेसारखे पुन्हा गळ्यात. माझा स्वतःचा भाऊ हे सगळं असं सांगत होता, जसं आजची भाजी काय ते सांगावं.

मग त्यानं डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, फार हळू. "गाणं जाईल का?"

"सूर तुम्हाला नीट कळतो. गेलंय ते परत येणार नाही, राहिलंय ते मात्र जपा. गोंगाटात बोळे काढायचे नाहीत."

रविवारी एका सोसायटीत साठीचा कार्यक्रम होता. आदल्या दिवशी मी एकटी जाऊन स्पीकर घेऊन आले, चाकं असलेला, मधल्या वजनाचा. बटणं मी लावली. पेटी ठेवून सगळ्या हॉलभर फिरले, पुढे, मागे, कोपऱ्यात. दादाला ते मुळीच पटलं नाही. प्रेस शॉपमध्ये बोललेलं ऐकू येत नाही म्हणून ही माणसं हातानं बोलतात. त्यानं माइकपासून बोट वर केलं, म्हणजे वाढव. मी तळहात आडवा धरला, म्हणजे पुरे. त्यानं पुन्हा बोट वर केलं. मी तळहात हलवला नाही. शेवटी त्यानं डोळे मिटले आणि गायला लागला.

आवरताना मी वायरी गुंडाळत होते. दादा शेजारी येऊन उभा राहिला.

"आज तर फारच दबला होता गं. मला माझंच गाणं भिंतीपलीकडून कुणी गातंय असं वाटत होतं."

तो खुर्च्यांकडे बघत होता.

"पण पुढं बसले होते लोक," तो म्हणाला. "पहिल्या रांगेत म्हातारी होती ना, ती शेवटपर्यंत हलली नाही. तेवढं दिसलं मला." वायरीचं टोक माझ्या हातात देत म्हणाला, "बटणं तूच लावत जा."

मग त्यानं खिशातून बोळे काढले आणि सोमवारच्या पहिल्या शिफ्टसाठी ते दोरीपासून तोडून घेतले, पुन्हा गळ्यात लटकायला नकोत म्हणून.