हिरव्या खुणेचा शिरा

ह्यांचं वर्षश्राद्ध गावी करायचं, म्हणून मुलाने रजा मागितली होती. साहेब म्हणाले, "आधी हे काम खलास कर, मग जा." तेव्हापासून त्या कामावर माझंही लक्ष. मी दुबईत त्याच्याकडेच असते आणि तो जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून घरूनच काम करतो. चौथी शिकलेल्या बाईला काय कळणार, म्हणून माझ्यासमोर मोकळेपणी बोलतो.

कंपनीच्या सगळ्या माहितीची एक जुनी कोठी आहे, तिला डेटा वेअरहाऊस म्हणतात. तिच्यातले तक्ते क्लाउडवरच्या नव्या यंत्रणेत इम्पोर्ट करायचे होते. कोणते हवेत, असं मुलाने विचारलं. फोनमधून साहेब ओरडले, "सब ले आओ हबीबी, यल्ला!" निवडायचं तर विचार करावा लागतो, आणि तो साहेबांच्या पगारात बसत नसावा. मग जुने, दुबार, कुणी कधी नुसते करून पाहिलेले, सगळेच तक्ते आले.

गुरुवारी पडद्यावर काम पुरं झाल्याची हिरवी खूण उमटली. दुखवट्याचं वर्ष म्हणून सुनेने गणपतीत मोदक केले नव्हते. हिरव्या खुणेसाठी मात्र शिरा झाला, लॅपटॉपला हळदकुंकूही लागलं. शिरा खाता खाता मुलगा म्हणाला, "आई, आत्ता नुसती नावं आणि रकाने आलेत. आतली माहिती मागाहून भरायची."

"साहेबांना ठाऊक आहे ना?"

"असेल. मीटिंगमध्ये सगळे डन, डन म्हणत होते. मी एकट्यानेच कशाला तोंड उघडू?"

हा गुण त्याने माझाच उचललाय. मीही पुढे काही बोलले नाही.

सोमवारी साहेबांनी अबुधाबीच्या गिऱ्हाइकासमोर ते तक्ते उघडले. रकाने देखणे, आत ठणठणाट. साहेबांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला, "डेटा किधर है? पहले बोला क्यों नहीं?" डन म्हणणारे सगळे चिडीचूप. रजा मुलाचीच रद्द झाली.

त्याने गावी गुरुजींना फोन लावला. चुलतभावाला बसवू, तुमचं नाव-गोत्र संकल्पात घेऊ, असं ते म्हणाले. फोन ठेवून मुलगा मला म्हणाला, "बघ आई, माझं नाव तर असेलच."

"हो. आणि आतला माणूस मागाहून?"

इतकं टोचून मी त्याला कधी बोलले नव्हते. तेवढ्यात लॅपटॉपमधून साहेबांनी हाक मारली. तिला मात्र त्याने लगेच ओ दिली, "यस सर!"

मी माझी बॅग भरायला घेतली.