सोबत कोण आलंय?

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचा. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसून, आपल्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, त्यांनी निम्म्या गावाला गाडी शिकवली. पोरं त्यांना टरकायची, पण पास व्हायची. बायको वारली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन परदेशी गेली, तरी मास्तरांना एकटं वाटलं नाही. दिवसभर गाडीत कुणी ना कुणी असायचंच.

मग डाव्या खुब्यात कळ यायला लागली. आधी त्यांनी सीटला दोष दिला, उशी आणली. पुढे कुशीवर वळणंही होईना, तेव्हा आरामखुर्चीतच झोपू लागले. शाळा बंद केली. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तो विषय आपल्यापुरता संपला असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. तपासणीत कळलं की कॅन्सर आता हाडात उतरलाय.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "खुब्याला रेडिएशन देऊ. पाच दिवस, रोज थोडा वेळ. यानं आजार जाणार नाही, पण दुखणं बरंच कमी होईल. आराम पडायला दोन-तीन आठवडे लागतात. त्याआधी काही दिवस जास्तही दुखू शकतं, घाबरू नका."

"चालेल," मास्तर म्हणाले.

"सोबत कोण आलंय?"

"माझा माणूस गाडी लावतोय खाली."

खाली कुणी नव्हतं. ते टॅक्सीनं आले होते.

रेडिएशनची खोली गार होती आणि टेबल फळीसारखं कडक. मशीनवर काम करणाऱ्या ताईनं खुब्यावर शाईच्या खुणा केल्या, पाय नीट ठेवला आणि म्हणाली, "काका, हलायचं नाही. आम्ही बाहेरून बघतोय. काही वाटलं तर हात वर करा." मग जाडजूड दार बंद झालं. मशीन घरघरत अंगावरून फिरलं. भाजलं नाही, टोचलं नाही, काहीच झालं नाही. काहीच होत नसताना आपण एकटेच एवढ्या मोठ्या खोलीत पडलोय, हे मात्र मास्तरांना फार जाणवलं. आजवर त्यांनीच शेजारी बसून लोकांना धीर दिला होता.

तिसऱ्या दिवशी ताईनं विचारलं, "काका, तुमच्या माणसाला अजून जागा मिळाली नाही का?"

"आजकाल पार्किंगचे फार हाल आहेत," मास्तर म्हणाले. ती नुसती हसली.

चौथ्या दिवशी दुखणं उसळलं. उपचार झाल्यावर मास्तर बाहेरच्या बाकावर टेकले, ते उठेचनात. कपाळावर घाम आला होता. ताईनं डॉक्टरीणबाईंना बोलावलं, त्यांनी गोळीचा डोस वाढवून दिला. मग ताई शेजारी बसली.

"कुणाला फोन लावू, काका?"

मास्तरांनी खिशातून मोबाईल काढून मुलीचा नंबर तिला दाखवला. "तिला काही माहीत नाही," ते म्हणाले. "तुम्ही लावून द्या. मी बोलतो."

मुलगी आधी रागावली, मग रडली. तिची रजा मंजूर होऊन ती येईपर्यंत तीन आठवडे गेले. तोवर कळ ओसरत गेली होती. बेल वाजली तेव्हा मास्तर काठी न घेता चालत दारापर्यंत गेले.

ती बघतच राहिली. "बाबा, तुम्ही तर ठणठणीत आहात. तिकडे माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं."

"दुखणं गेलंय, बाळा. आजार आहे तिथेच आहे."

"म्हणजे?"

मास्तरांनी तिला खुर्चीत बसवलं आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच, आडपडदा न ठेवता, सगळं सांगितलं. ती उठून चहा करायला गेली आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मास्तरही आत गेले नाहीत.

रजेच्या राहिलेल्या दिवसांत तिनं पलंगाच्या चादरी बदलल्या, गोळ्या डब्यात लावून दिल्या, बापलेक रोज जेवून कोपऱ्यापर्यंत फिरून आले. "माझ्याबरोबर चला," ती दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा मास्तर म्हणाले, "तिथे मला ओळखतं कोण?" पण इथे तरी आता दार वाजवणारं कोण उरलंय, हा प्रश्न दोघांच्याही मनात आला असणार.

ती गेल्यावर मास्तर कित्येक महिन्यांनी पलंगावर डाव्या कुशीवर झोपले. दुखलं नाही. इतके दिवस कळ सारखी जागं करायची, तिच्याशी भांडण्यात रात्र निघून जायची. आता भांडायलाही कुणी नव्हतं. घर फार मोठं वाटलं.

कळ पुढे पाच-सहा महिने परतली नाही. मास्तर स्वतः बाजारात जात, स्वतः अंघोळ करत, आणि रविवारी मुलीचा फोन आला की तासभर बोलत. मग आजार बळावला, आणि मास्तरांच्या शेवटच्या आठवड्यात मुलगी पुन्हा आली. या वेळी तिनं सामान जास्त आणलं होतं, आणि परतीचं तिकीट काढलं नव्हतं.