लेपातलं लिंबू

मंडळी, घडलं तसं लिहितोय. आज दुपारी माझ्या आईनं शेजारच्या शोभाकाकूंना भर गल्लीत लाटण्यानं मारलं.

झालं असं. शोभाकाकू घरीच कोरफड, हळद आणि खोबरेलाचा लेप करून विकतात. ऊन लागू नये म्हणून माझी बहीण पूजा परवा तोच लावून करमाडला स्वतःच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला गेली. लेप आहे म्हणून स्कूटीवर स्कार्फसुद्धा बांधला नाही. आज सकाळी उठली तर गालभर पाण्याचे फोड. डॉक्टर म्हणाले, "लेपात लिंबू असणार. लिंबू लावून उन्हात गेलं की कातडी भाजते."

घरी येताच आईनं लाटणं उचललं. काकूंना केस धरून ओढत बाहेर आणलं, लेपाच्या बरण्या दगडावर फोडल्या. काकूंचा ओठ फाटला. मी मधी पडलो तर मलाही एक फटका बसला.

"माझ्या पोरीचं तोंड जाळलंस," आई ओरडत होती.

"लिंबू म्या घालतच नाय, बाई," काकू रडत सांगत होत्या.

तेवढ्यात पूजा दारात आली. "आई, लिंबू तू पिळलंस त्यात. सासरच्यांना गोरी सून पाहिजे म्हणालीस."

आईचा हात वरच्या वर थांबला. दुसऱ्या मुठीत काकूंचे केस तसेच होते.

काकूंच्या ओठाला टाके पडलेत. मघाशी पूजाच्या होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला होता. हळदीपर्यंत पोरीचा रंग उजळेल ना, विचारत होत्या.

तुम्हीच सांगा, आता लाटणं घेऊन कुणाच्या दारात जायचं?